नियमताईंचा निकाल

आमच्या खेळात राक्षसानं आम्हाला जितक्या वेळा हरवलं असेल, त्याहून जास्त वेळा नियमताईंनी हरवलं. आणि गंमत म्हणजे त्या आमच्याच बाजूच्या होत्या. खेळच तसा होता. पत्त्यांचा, पण एकमेकांविरुद्ध नाही; सगळ्यांनी मिळून एका राक्षसाशी लढायचं. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. अशा खेळात थोडी लबाडी केली तर बिघडतं कुणाचं, असा आमचा सरळ हिशेब होता. राक्षस काही तक्रार करायला येत नाही. त्यावर नियमताई म्हणायच्या, "तो येऊ शकत नाही, म्हणून तर त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं."

त्यांचं खरं नाव वैशाली. बेलापूरच्या कोर्टात वकिली करायच्या आणि नेरूळला आमच्या वरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. वडील निवृत्त झाल्यावर आईवडील दोघंही मराठवाड्यात आपल्या गावी परत गेलेले. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच लहान, पण त्यांना नुसतं नावानं हाक मारायची माझी कधी हिंमत झाली नाही. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला. रविवारी दुपारी मी, माझी बायको मंजू आणि शिरवण्याचा माझा जुना मित्र दिनेश असे तिघं खेळायला बसायचो. खेळ मंजूच्या भावानं परदेशातून पाठवलेला. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यामुळे आम्ही निम्मा वेळ खेळायचो आणि निम्मा वेळ भांडायचो.

अशाच एका भांडणात दाराची बेल वाजली. वरच्या वकीलबाई दारात उभ्या. "आवाज जरा कमी कराल का? मला उद्याची केस वाचायची आहे," असं म्हणून त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "पण भांडण नक्की कशाचं आहे?"

दिनेश म्हणाला, राक्षस मेला. मंजू म्हणाली, मेला नाही. वकीलबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, पुस्तक मागितलं, उभ्या उभ्याच वाचलं आणि म्हणाल्या, "मेला नाही. तुम्ही ढालीचे गुण वजा न करताच घाव मोजलेत." मंजूनं त्यांना चहा दिला. पुढच्या रविवारी त्या स्वतःचा चष्मा आणि चिवड्याचा डबा घेऊन आल्या आणि आमच्यातल्या चौथ्या खेळाडू झाल्या. नियमताई हे नाव त्याच दिवशी दिनेशनं ठेवलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी हरकत घेतली नाही. आणि हरकत घेणं हा तर त्यांचा धंदाच.

त्यांचा पहिला नियम माझ्यावर येऊन आदळला. मला सवय होती दुसऱ्यांचे पत्ते खेळून द्यायची. मंजूची टर्न आली की मीच म्हणायचो, हे टाक, ते नको, ते राखून ठेव. आपण एकाच बाजूचे, मग चांगलं डोकं सगळ्यांनी वापरावं, असं माझं म्हणणं. नियमताईंनी एकदा शांतपणे विचारलं, "ही टर्न कुणाची?"

"मंजूची."

"मग तिनं सल्ला मागितला तर द्या. मागितलाय का तिनं?"

मंजूनं मागितला नव्हता. तिनं आपल्या मनानं एक पत्ता टाकला, तो मला अगदी चुकीचा वाटला, आणि त्याच पत्त्यानं आम्ही त्या दिवशी वाचलो. याचा परिणाम मात्र खेळापुरता राहिला नाही. आमटीत गूळ किती घालावा हे सांगायला मी स्वयंपाकघरात शिरलो की मंजू चमचा न थांबवता म्हणायची, "टर्न कुणाची?" मी मुकाट्यानं बाहेर.

दिनेशची तऱ्हा वेगळी. त्याचं शिरवणे गावात हार्डवेअरचं दुकान, आणि कुठलीही गोष्ट घासाघीस केल्याशिवाय पक्की होते यावर त्याचा विश्वास नाही. राक्षसाचा घाव किती हे दिसलं की मग तो ढालीचं पान बाहेर काढायचा. नियमताई म्हणायच्या, "ढाल आधी. घाव बघून ढाल काढता येत नाही."

"ताई, मना म्हाईत व्हता घाव येनार हाय."

"ठीक आहे. आता राक्षसाचे वकील होऊन बोला."

ही त्यांची खास शिक्षा. वाद घालणाऱ्याला त्या समोरच्या बाजूनं बोलायला लावायच्या. दिनेश खुर्चीतून उठला, शर्ट नीट केला आणि राक्षसाची बाजू इतक्या तळमळीनं मांडली की शेवटी स्वतःच म्हणाला, "नाय, त्याचा बरोबर हाय," आणि घाव मोजून घेतला.

अशी दोन वर्षं मजेत गेली. मग ती मोठी लढाई आली. या खेळात एक मोठी मोहीम असते. तेच योद्धे घेऊन महिनोन्महिने पुढे जायचं, आणि मोहिमेत जो योद्धा पडला तो कायमचा गेला. त्याच्या पानावर आपण दिलेलं नाव खोडून ते पान बाजूला ठेवायचं. दिनेशनं आपल्या तिरंदाजाला 'आबा' नाव दिलं होतं. आबा म्हणजे त्याचे वडील. मोहीम सुरू केली त्याच्या आदल्या वर्षी ते वारले होते. दिनेश याबद्दल फार काही बोलला नव्हता. पान त्याला मिळालं तेव्हा म्हणाला, "आमचे आबा गलोलीनं कैऱ्या पारायचे. नेम चुकायचा नाय." एवढंच.

शेवटच्या लढाईत राक्षसाचा जीव अगदी थोडा उरला होता आणि आबाला विष चढलेलं. त्याचाही एकच गुण शिल्लक. दिनेशची टर्न संपली. पुढची टर्न मंजूची, आणि तिच्या हातात विष उतरवायचं पान होतं. ती ते टाकणार तेवढ्यात नियमताई म्हणाल्या, "थांब. विषासारखा टिकून राहिलेला घाव टर्नच्या शेवटी मोजायचा. दिनेशची टर्न संपली. आबा पडला."

मंजूनं हात मागे घेतला. त्यांनी पुस्तकातली ओळ दाखवली. ओळ तशीच होती. मग त्यांनी पेन काढलं आणि नेहमीच्या सवयीनं, सरळ रेघ मारून, पानावरचं नाव खोडलं.

दिनेशनं ते पान आपल्याकडे ओढलं. मग म्हणाला, "ताई, तुमचा बरोबरच असंल. पन खोडायचा मना सांगायचा व्हता." चपला घालून तो निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला तर दुकानात माल उतरतोय म्हणाला. इतके रविवार माल उतरवण्याएवढं त्याचं दुकान मोठं नाही.

नियमताई यायच्या, चहा घ्यायच्या, चष्मा पुसत बसायच्या. खेळाचा विषय कुणीच काढायचं नाही. एकदा मंजू म्हणाली, "नियम बरोबर होता ना? मग तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" त्या म्हणाल्या, "नियम बरोबर असला तरी पेन माझं होतं."

मग एका गुरुवारी त्या कोर्टातून थेट आमच्याकडे आल्या. गळ्याला वकिली पांढरे बँड तसेच. म्हणाल्या, "तो खोका काढा." विषाचं पान शोधून त्यांनी माझ्यासमोर धरलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा घाव फेरीच्या शेवटी मोजावा. टर्नच्या नव्हे, फेरीच्या. म्हणजे सगळ्यांच्या टर्न झाल्यावर. लढाईत ते पान दुसऱ्या पानांखाली दबलेलं होतं आणि आम्ही सगळे पुस्तकच बघत बसलो होतो. "आज समोरचा वकील कोर्टाला सांगत होता, विशेष तरतूद असेल तिथे सर्वसाधारण तरतूद लागू होत नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तक सर्वसाधारण, पान विशेष. ऐकता ऐकता मला आठवलं, विषाचं पान आपण वाचलंच नव्हतं. खेळाडूंच्या साइटवर विचारूनही घेतलं. मंजूची टर्न आधी होती. आबा पडलाच नव्हता."

"फोन करू दिनेशला?" मी विचारलं.

"फोनवर नको. चुकीचा निकाल मी त्याच्या तोंडावर दिला होता."

आम्ही तिघंही शिरवण्याला गेलो. दार दिनेशच्या आईनं उघडलं. नियमताईंनी चपला काढल्या आणि दिनेश बाहेर येताच बसायच्याही आधी म्हणाल्या, "दिनेश, माझं चुकलं. पान न वाचता मी निकाल दिला. आणि नाव मी खोडायला नको होतं, ते तर निकाल बरोबर असता तरीही."

दिनेशनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. त्याची आई म्हणाली, "कंचा नाव?" त्यानं सांगितलं. खेळात आबांना तिरंदाज केल्याचं म्हातारीला माहीतच नव्हतं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "तं खेला ना आता. मना बघूं दे."

त्यांच्या ओट्यावर खोका उघडला. कुणाच्या हातात कुठली पानं होती हे नियमताईंना तोंडपाठ होतं. मंजूनं विष उतरवलं. मी जमेल तेवढा वार केला, नियमताईंनी राक्षसाचा हल्ला स्वतःच्या योद्ध्यावर ओढून घेतला, आणि पुढच्या फेरीत आबाच्या बाणानं राक्षस पडला. दिनेशनं ते पान नियमताईंपुढे सरकवलं. त्यांनी खोडलेल्या नावाच्या बाजूला 'खाडाखोड रद्द' असं लिहिलं, खाली सही केली आणि मग ठळक अक्षरांत 'आबा' लिहिलं. जेवल्याशिवाय म्हातारीनं आम्हाला सोडलं नाही.

पुढे नियमताई न्यायाधीशाची परीक्षा पास झाल्या. पहिली नेमणूक लांबच्या एका तालुक्याला लागली. त्या निघाल्या त्या सकाळी दिनेश आईला घेऊन आला. म्हातारीच्या हातात सुकटीचं मोठं पुडकं, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं, तरी जिना दरवळला. दिनेश तिला समजावत होता, "आये, जजला काय देयाचा नसतो."

नियमताईंनी पुडक्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि त्यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाल्या, "मी अजून पदभार घेतलेला नाही," आणि दोन्ही हातांनी पुडकं घेऊन गाडीत स्वतःच्या मांडीवर ठेवलं. ड्रायव्हरनं काच खाली केली.

गाडी वळणाआड गेली तरी म्हातारी फाटकाशी उभीच होती. "निकाल सांगंल बरोबर," ती म्हणाली, "पन येलेवर जेवंल का नाय ती?" मी हसलो. मंजूही हसली, आणि मग काहीतरी गॅसवर ठेवलंय म्हणत घाईघाईनं जिना चढून गेली. गॅसवर काही नव्हतं.