कोंड्याच्या मोलाची लेक

देवपूरच्या वच्छलेला पांझरेचा पूल रोजचाच. पलीकडे धुळे गाव, गावाच्या टोकाला स्टेशन. पण त्या दिवशी लेकीला पोटाशी धरून ती पुलाच्या तोंडाशी आली आणि तिचं पाऊल पुढे पडेना.

पहिल्या महायुद्धातली ही गोष्ट. कापसाच्या जिनातलं काम सुटलं, तसा तिचा नवरा उखर्डू सरकारच्या मजूर पलटणीत नाव घालून बसला. जायचं थेट समुद्रापार, बसऱ्याला. माणसं स्टेशनाजवळच्या तंबूत ठेवलेली, घरी सोडत नव्हते. लेक जन्मली ती त्याच्यामागे. दुपारच्या गाडीने निघतोय, दोघी येऊन जा, असा त्याचा निरोप आला होता.

पण वच्छला ओली बाळंतीण. सव्वा महिना भरल्याशिवाय बाळंतिणीने नदी ओलांडायची नाही, नाहीतर लेकरू दगावतं, अशी समजूत. आधीची दोन लेकरं मातीआड झालेली. थोरल्याच्या वेळी तिने हट्टाने नदी ओलांडली होती, असं सासू म्हणे. धाकट्याच्या वेळी ओलांडली नव्हती, तरी तो गेला, हे मात्र कोणी काढत नसे.

सासू ताईबाई मागोमाग धावत आली. शिवी नाही, शाप नाही. तिने सरळ पदर पसरला. "माय, दोन लेकरं मातीले दिधात. हाई तरी ऱ्हाऊ दे."

शेवटी तोड काढली शेजारच्या रहिमाबीने. तिचा नवरा हनीफ टांगा घेऊन उभाच होता. मूल जगत नसलं की दुसऱ्याला विकायचं, म्हणजे काळाला ते आपलं वाटत नाही. ही रीत रहिमाबीलाही ठाऊक. तिने घोड्याच्या तोबऱ्यातला ओंजळभर कोंडा वच्छलेच्या पदरात टाकला आणि लेक उचलली.

"आते पोर मन्ही शे. परत मांगू नको," ती म्हणाली. ताईबाईलासुद्धा हसू आलं.

रहिमाबीला आणि लेकीला घेऊन टांगा पुलावरून गेला, वच्छला अलीकडेच राहिली. पदरातला कोंडा घट्ट धरून ती देवाचं नाव घेत होती. गाडीची शिटी झाली तेव्हा नाव मध्येच तुटलं.

टांगा परतला. लेक झोपलेली होती. ताईबाईने तिचे हातपाय चाचपून पाहिले. त्यांनी पाहिलं का हिला, वच्छलेने विचारलं. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. रहिमाबीला ते जमलं नाही. तिने पोर गाडीच्या खिडकीपाशी धरली होती, तुझीच म्हणून उखर्डूला सांगितलंही होतं.

"त्यानी पोरकडे पाहंच नही, बाई. गाडी हालस तोवर मन्हामांगे तुलेच धुंडी ऱ्हायंता."

 पदर तसाच धरून वच्छला पुलावर चढली आणि चालत सुटली. ताईबाईने अडवलं नाही. आता अडवायचं तरी कशासाठी? स्टेशनात रूळ मोकळे होते, तंबू उतरवणं चाललं होतं.

उखर्डू बसऱ्याहून आला नाही. लेक जगली, कोंडाबाई हेच तिचं नाव पडलं. त्या सौद्यानेच पोर वाचली, असं ताईबाई मरेपर्यंत म्हणायची. वच्छलेने त्यावर कधी हूं की चूं केलं नाही.