फुलं रविवारसाठी होती

मंडळी, आज माझी सून मुग्धा मला इथे जपानात, आमच्या निशी-कसाईच्या घरून महिलांच्या गोल्फ स्पर्धेला घेऊन गेली. वीस वर्षं जपानात खेळलेल्या एका स्वीडिश खेळाडूची ही शेवटची स्पर्धा. तिचा निरोप समारंभ रविवारी, अंतिम फेरीनंतर, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं.

पण गोल्फमध्ये पहिल्या दोन दिवसांत मागे पडलं की पुढे खेळता येत नाही. आज दुसरा दिवस. एका फटक्याच्या फरकाने ती बाद झाली. वीस वर्षांची कारकीर्द शुक्रवारी संध्याकाळी संपली, तेव्हा मैदानावर जेमतेम दहा माणसं उरली होती.

मी तडक आयोजकांच्या टेबलापाशी गेले. "तिची फुलं कुठे आहेत?"

मुग्धाने जपानीत विचारलं. तिथला गृहस्थ कमरेत वाकून म्हणाला, "समारंभ रविवारी आहे."

"रविवारी ती इथे असणार आहे का?"

तो पुन्हा वाकला.

"आई, पुरे. तो तरी काय करणार?"

"वाकण्याऐवजी चार फुलं आणेल!"

बाहेर ती खेळाडू बाकावर बसून स्वतःचे बूट पुसत होती. फार वाईट वाटलं, असं मुग्धाने तिला सांगितलं. ती हसली. जपानीतच म्हणाली, "अशी मी कितीदा तरी बाद झाले. पण तेव्हा पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा असायची."

शाळेतून निवृत्त होताना मला शाल-श्रीफळ मिळालं होतं, आणि भाषणं लांबली म्हणून मी कुरकुरले होते.

तुमच्या ओळखीचं कुणी असं निरोपाविना घरी गेलंय का? त्यांना आजच फोन कराल?