दोन बायबलं

मंगळवारी सकाळी पावणेसहाला एझरा पेटवे कोर्टाच्या तळघरात बॉयलरला कोळसा घालत होता. अलाबामातल्या एल्डरविल गावच्या या इमारतीची किल्ली एकवीस वर्षं त्याच्या कमरेला होती. सहाला दार उघडायचं, आठला काळ्यांच्या सज्जाची बाकं पुसायची, पावणेनऊला कारकुनाच्या फळीवर दोन बायबलं मांडायची. सोनेरी अक्षरांचं गोऱ्या साक्षीदारांसाठी, कागदी चिठ्ठीचं काळ्यांसाठी. धूळ त्यानं दोन्हींवरची झटकली होती. शपथेसाठी हात मात्र एकावरही ठेवला नव्हता.

आज ठेवायचा होता. बायकोच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा क्लिओफस, वय एकोणीस, एझरानंच वाढवलेला. ऑक्टोबरातल्या दहा तारखेला संध्याकाळी सहाला त्यानं कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, पेटवला, असा आरोप होता. त्या वेळी क्लिओफस याच तळघरात एझराबरोबर राख भरत होता. कारकून हॉबर्ट स्वतः खाली येऊन ओरडला होता, "वर गारठलोय, आणि तुम्ही दोघं गप्पा कसल्या मारताय?" पण जिन हॉबर्टच्या मेव्हण्याचा. सोमवारी साक्षीत हॉबर्ट म्हणाला, तळघरात एझरा एकटाच होता.

म्हणजे एझरा खरं बोलला, तर भर कोर्टात गोऱ्या माणसाला खोटं पाडल्यासारखं होणार होतं. ज्युरीतले बाराही जण गोरे होते.

दहाला त्याचं नाव पुकारलं. त्यानं उजवा हात वर केला. हॉबर्टनं फळीकडे हात नेला आणि थांबला. तिथे एकच बायबल होतं.

चिठ्ठीच्या बायबलाचा पुठ्ठा सुटला म्हणून काल संध्याकाळी एझरानं ते घरी नेलं होतं, पिठाच्या खळीनं चिकटवलं होतं. ते अजून घरी चुलीजवळ इस्त्र्यांच्या वजनाखाली आहे, असं त्यानं सांगितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मांडणी चुकली, तीही आजच.

"महाराज, दुसरं समोरच आहे की," क्लिओफसचे वकील थ्रॅशर म्हणाले.

"ते याच्यासाठी नाही," न्यायाधीश म्हणाले. "घर किती लांब, एझरा?"

"दोन मैल, सर."

ज्युरीतला एकजण हसला, "आता हा चालत जाणार, पोटभर जेवणार आणि चालत येणार!"

दुपारनंतर दुसरा खटला होता. न्यायाधीशांनी तारीख उद्यावर टाकली. उद्याही पुस्तक नसलं तर या साक्षीशिवायच प्रकरण ज्युरीकडे जाईल, असं बजावलं. एझराचा हात अजून वरच होता. खाली घे, असं कोणी म्हणालं नव्हतं.

जिन्यात हॉबर्टनं गाठलं. "अंकल, देवाची कृपा बघ. चुलीजवळचं पुस्तक चुलीत पडलं, तर कोण विचारतंय? किल्ली तुझ्याकडेच राहील. बोलायचंच असेल, तर ती पाचला माझ्या हातात दे."

एझरा जेवायला घरी गेला. ओडेसानं मक्याची भाकरी आणि पालेभाजी वाढली. त्यानं कोर्टातलं आणि जिन्यातलं सगळं सांगितलं. ती नवऱ्याला मिस्टर पेटवे म्हणे. गावात गोरे त्याला एझरा किंवा अंकल म्हणत; मिस्टर दुसरं कोणी म्हणत नसे.

"मिस्टर पेटवे, सगळ्या जगाचं तुम्ही पुसता, मांडता. आपलंच तेवढं विसरलात?"

"पुठ्ठा सुटला होता."

"गोऱ्यांच्या पुस्तकाचा पुठ्ठा बरा कधी सुटत नाही!" ती इस्त्री उचलत म्हणाली. मग आवाज खाली आला. "तुम्ही बोललात तर ते त्याला सोडतील?"

"नाही."

"आणि नाही बोललात तर?"

"तरी नाही."

"मग किल्ली तरी राहू द्या." चूल समोर पेटलेली होती. "पण क्लिओफस आरोपीच्या जागेवरून तुमच्याकडे बघेल हो. त्याला काय वाटेल, तुम्हालाही तो तळघरात दिसला नव्हता?"

एझरा उठला. भाकरी अर्धी राहिली. त्यानं इस्त्र्या बाजूला केल्या, पुठ्ठा ओढून पाहिला. पक्का बसला होता. ओडेसानं पिठाची रिकामी पिशवी पुढे केली. त्यानं पुस्तक त्यात गुंडाळलं.

दोनला ते फळीवर होतं. पाचला बॉयलरची राख काढून तो वर आला आणि किल्ली हॉबर्टच्या तळहातावर ठेवली.

"मूर्ख आहेस," हॉबर्ट म्हणाला.

"होय, सर. बॉयलर पेटायला पाऊण तास लागतो. सकाळी सव्वापाचला तुम्हाला यावं लागेल."

दारावर बुधवारची यादी लावलेली होती. सकाळी नऊ, पहिला साक्षीदार: एझरा पेटवे.