पायी नेलेला गळ

मासे आहेत की नाहीत, एवढंच मामीने विचारलं होतं. मी मुकाट्याने जेवलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"सलग पाचवा रविवार," ती म्हणाली. "समुद्रातले मासे संपले का हो?"

"पाणी गढूळ आहे सध्या," मामा ताटाकडे बघत म्हणाला.

आणि मी, दोन महिन्यांसाठी म्हणून आलेला आणि दीड वर्ष तिथून न हललेला भाचा, भात कालवता कालवता बोलून गेलो, "मासे आहेत गं! उंटाने आज चार काढले. मामाचा गळच तिथवर पोचत नाही."

उंट म्हणजे आमच्या किनाऱ्यावर गळ टाकणारा एक लांबलचक इलेक्ट्रिशियन. मामीने उंटाची चौकशी केली नाही. तिने मामाच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"म्हणून शर्ट डाव्या हाताने दांडीवर टाकता होय? आणि वरच्या फळीवरचा डबा हल्ली मलाच काढायला लावता."

मामाने ताट जवळ ओढलं. डावीकडे बसलेला मी आणखी डावीकडे सरकलो.

मामा हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीला आहे. इस्त्री म्हणजे टेबलाएवढं यंत्र. चादर पसरायची, झाकण उजव्या हाताने खाली ओढायचं, वाफ सुटेपर्यंत दाबून धरायचं, वर ढकलायचं, की दुसरी चादर. बावीस वर्षं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेला हा माणूस सुटीच्या दिवशी विश्रांती म्हणून समुद्रावर जाऊन उभा राहतो, हा मामीचा जुना विनोद. त्या दिवशी तिने तो केला नाही.

"पुढचा रविवार शेवटचा," ती म्हणाली. "मासा घरी आला तर बघू. नाही तर गळाची काठी माळ्यावर. या खांद्यावर घर चालतं आपलं. तो समुद्रात फेकायला नाहीये."

"बरं," मामा म्हणाला. बावीस वर्षं चादरी दाबणारा माणूस कशालाही 'बरं' म्हणतो.

आता त्या जागेबद्दल सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर पाण्यात एक काळा खडक आहे आणि त्याच्या बाजूला वाळूचा उंचवटा. दोघांच्या मधे एक खोल गल्ली. लाटा इकडे तिकडे फुटतात, गल्लीत फुटत नाहीत. तिथलं पाणी काळपट दिसतं. भरतीला मासे तिथूनच आत येतात. काठावरून सत्तर पावलं. मामाचा गळ एकेकाळी बरोबर तिथे पडायचा. हल्ली चाळीसवर पडतो. तिथे वाळू आहे, शेवाळ आहे आणि मामाची लाज आहे. हे मी पाच रविवार शेजारी उभा राहून पाहिलं होतं. आम्ही दोघंही पाणीच गढूळ आहे असं धरून चाललो होतो.

सोमवारी संध्याकाळी तो कामावरून आला आणि जिन्याच्या पायरीवरच बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"मामा, चुकलं माझं."

"चुकलं कुठे? खरं तेच बोललास. खरं बोलणाऱ्याला जेवताना शेजारी बसवू नये, हे मला कळायला हवं होतं."

"रविवारी तुझ्यासाठी मी फेकू का?"

"मग मासा तुझा."

"उंटाला सांगू?"

"म्हणजे तुझी मामी पुढच्या रविवारी उंटालाच जेवायला बोलावेल." तो पाणी प्यायला. डाव्या हाताने.

गुरुवारी मात्र तो कॅलेंडरसमोर बराच वेळ उभा होता. "रविवारी अमावास्या," तो म्हणाला. "सकाळी पाणी लांब जाईल. गल्लीत गुडघाभर राहील."

"मग?"

"मग फेकायचं कशाला? चालत जाऊन ठेवून येऊ. वरून पाणी समुद्र आणून घालेल. त्याचे खांदे शाबूत आहेत."

मला त्याने एकच काम सांगितलं: एक वजन आण. दगड चालेल, पण कमरेत बारीक हवा, दोरा निसटायला नको. मी 'हो हो' म्हणालो आणि विसरलो. रविवारी पहाटे पिशवी भरताना आठवण झाली. स्वयंपाकघरात अंधारात चाचपडलो तर हाताला खलबत्त्यातला बत्ता लागला. पितळी, जड, आणि कंबर अशी की शिंप्याने माप घेऊन केलेली. घातला पिशवीत.

किनाऱ्यावर मामाने तो बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा तिचा आहे."

"कमरेत बारीक आहे," मी म्हणालो.

"अरे गाढवा, वजनाचा दोरा मुद्दाम कच्चा बांधतात. मासा लागला की दोरा तुटायला हवा, नाही तर मासा वजनासकट ओढताना गळ सुटतो. हे परत येणार नाही."

किनारा नुसती वाळू. दगड शोधायला पार टोकापर्यंत जावं लागलं असतं, आणि पाणी उलटायला अर्धा तास होता.

"पुढच्या अमावास्येला मी काढून आणेन," मी म्हणालो.

"बरं," मामा म्हणाला.

आम्ही चालत गेलो. मामा पुढे, हातात दोन गळ आणि बत्ता. मी मागे, काठी धरून. कोलंबी त्याने गळाला शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळली होती, खेकड्यांना सहज सुटू नये म्हणून. गल्लीत गुडघाभर पाण्यात वाकून त्याने बत्ता खडकाच्या पायथ्याशी बसवला, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा. मग आम्ही उलटे फिरलो. रीळ सैल सोडलेलं, पावलागणिक तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, मागे सुटत होता. काठावर मामाने काठी वाळूत रोवली आणि घरून आणलेल्या स्टुलावर बसला. समुद्रावर त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नऊ वाजता पाणी खडकाच्या माथ्यापर्यंत आलं. मग आमच्यापर्यंत. समुद्राने आम्हाला तीनदा स्टूल उचलायला लावलं. तंगूसावर शेवाळ अडकायचं; मी पाण्यात जाऊन काढायचो. उंट आला, त्याने काठी पाहिली, स्टूल पाहिलं.

"काका, आज फेकत नाही?"

"फेकून झालं," मामा म्हणाला. "तुझ्याआधी."

दहा. साडेदहा. मामाला बसल्याबसल्या डुलकी लागत होती. त्याचा उजवा हात मांडीवर असा पडला होता, जणू कुणीतरी त्याला सांभाळायला देऊन गेलं आहे.

अकराच्या सुमारास काठीचं टोक एकदा हललं. थांबलं. मग वाकलं.

मामा उठला. काठीचा बुंधा पोटात खुपसून डाव्या हाताने रीळ फिरवू लागला. उजवा हात नुसता काठी पेलत होता. मी पुढे झालो.

"लांब हो!"

मी लांब झालो. एक हिसका बसला, कच्चा दोरा तुटला असणार, कारण तंगूस एकदम हलका होऊन डावीकडे पळाला. मामाच्या तोंडून आवाज निघाला तो मासा लागल्याचा नव्हता, खांद्याचा होता. पण रीळ थांबलं नाही. शेवटी लाटेबरोबर मासा वाळूवर आला: चंदेरी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. दुसऱ्या गळावर नुसताच दोरा होता, कोलंबी खेकड्यांनी फस्त केलेली.

मामा वाळूतच बसला. "मोठा नाही," तो म्हणाला.

"उंट बघतोय," मी म्हणालो.

"बघू दे."

घरी मामीने मासा पाहिला. मग मामाला शर्ट काढता येईना ते पाहिलं. तिने पुढे होऊन उजवी बाही हळूच ओढून काढली.

"फेकलात?"

"नाही. चालत नेऊन ठेवला."

तिने बाहीतली वाळू झटकली. "मग काठी राहू दे खाली," ती म्हणाली. "पण उद्या आधी डॉक्टर, मग धुलाईघर. आणि स्टूल रोज कामावर न्यायचं. समुद्रावर बसता येतं तर तिथेही येईल."

"यंत्रापुढे बसता येत नाही गं."

"दोन चादरींच्या मधे बसा."

"बरं," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आता आहे एवढाच राहील, सांभाळून वापरा. मामा सांभाळून वापरतो. म्हणजे चादरी ओढतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी गळ पायी नेऊन ठेवतो. वजनाला दगड असतो. दगड मीच आणतो, आदल्या दिवशी.

पुढच्या मोठ्या ओहोटीला मी गल्लीत उतरून खडकाचा पायथा चाचपला. त्याच्या पुढच्या ओहोटीलाही. वाळू सरकली आहे. मामी आलं तांब्याच्या बुडाने ठेचते, आणि प्रत्येक ठोक्याला दारातून माझ्याकडे बघते.

"मिळाला का रे?"

"पाणी गढूळ आहे सध्या," मी म्हणतो.