कोंडाबाईला आलेलं 'नको'

निजामाच्या अमलात सास्तूरच्या गावकुसाबाहेर ख्रिस्ती माणसांची मोजकी घरं होती. त्या घरांत कोंडाबाईचा शब्द चाले. नवरा पटकीनं गेल्यावर ती मिशनच्या दवाखान्यात राहून बाळंतपणं करायला शिकून आली होती, आणि गावात कुणाचीही लेकसून अडली की बोलावणं तिलाच यायचं. पण वस्तीत तिला मान होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. कोंडाबाईला प्रभू सांगतो, असं लोक म्हणत. मुलीची सोयरीक जुळवायची का, गाव सोडून सोलापूरच्या गिरणीत जायचं का, असलं काही अडलं की माणसं तिच्या दारात येऊन बसत. ती डोळे मिटायची, ओठ हलत राहायचे, आणि मग म्हणायची, "मोकळीक हाय," नाहीतर, "मोकळीक न्हाय." तेवढ्यावर माणूस उठून जायचा. हे आपल्याला गोड लागायला लागलंय, याचा तिला पत्ता नव्हता.

शिवलिंगप्पांचं घर गावातलं मोठं. त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण कोंडाबाईनंच केलं होतं. दिवसभर राबून ती अंगणात टेकली आणि पाणी मागितलं. पाणी वरूनच ओंजळीत पडलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. जन्म त्यातच गेला होता. पण घरधनीण नागम्मा शेजारणींना सहज म्हणाली, "हात लई गुणाचा हिचा. पर पोटासाठी देव इकला बघा हिनं." बायका हसल्या. कोंडाबाईनं पदराला हात पुसले, दिलेली ज्वारी ओच्यात घेतली आणि घरी आली. रविवारी तिनं नागम्माला क्षमा केली, प्रार्थनेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

पुढच्या सुगीला त्या घरचा धाकटा मुलगा शरणबसप्पा भर उन्हात वस्तीवर आला. त्याची बायको रुद्रम्मा पहाटेपासून अडली होती. आजवर तिला 'कोंडे' म्हणणारा तो हात जोडून उभा राहिला. "कोंडाबाई, तुमी चला. माजी आव्वा बी तुमचंच नाव घेऊन ऱ्हायलीय."

"थांबा वाईच," कोंडाबाई म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून डोळे मिटले.

एरवी तिला वाट बघावी लागे. आज 'नको' लगेच आलं. अगदी स्पष्ट, जणू दाराआड उभंच होतं. आणि ते आल्याबरोबर छातीत गार वाटलं. गार वाटणं म्हणजे प्रभूची शांती, असं ती स्वतःच लोकांना सांगत आली होती.

"मला यायची मोकळीक न्हाय," ती म्हणाली. "प्रभूची आज्ञा न्हाय."

शरणबसप्पाला ते कळलं नाही. जोडलेले हात सोडून तो वळला. त्याची पाठ बघतानाही तिला बरंच वाटत होतं.

तिनं ज्वारी पाखडायला घेतली. तेवढ्यात तिचा थोरला भाऊ धोंडीबा रानातून आला. वस्तीची उपासना तोच चालवायचा. बोलायला कमी, ऐकायला जास्त.

"शरणबसप्पा वाटंत भेटला," तो म्हणाला. "डोळं पुसत चालला हुता. तू गेली न्हाईस?"

"म्या इचारलं, दादा. न्हाय म्हणला प्रभू."

धोंडीबा खाली बसला. डोईचं मुंडासं सोडून त्यानं तोंड पुसलं. "एक सांग. प्रभू बोलला तवा आदी कोण आठवलं तुला? ती अडलेली पोर, का तिची सासू?"

कोंडाबाईचं सूप थांबलं. रुद्रम्माचा चेहरा तिला एकदाही आठवला नव्हता. डोळे मिटल्याबरोबर दिसल्या होत्या त्या अंगणातल्या हसणाऱ्या बायका. सूप तिथंच टाकून ती उठली आणि पदर खोचून पळतच निघाली.

पोचेस्तोवर पोर जन्मली होती. बाळाचा खांदा अडकला होता. घरातल्या एका म्हातारीनं घाबरून जीव खाऊन ओढलं. आई वाचली, मुलगी रडली, पण तिचा उजवा हात चिंधीसारखा लोंबत होता. असला खांदा कसा सोडवायचा ते कोंडाबाईला येत होतं. तिनं तो आजवर कितीदा सोडवला होता.

नागम्मा खांबाला टेकून बसली होती. तिनं आवाज चढवला नाही. "तुज्या देवानं येऊ नगं म्हणून सांगितलं म्हणं."

कोंडाबाईला एकदा वाटलं, व्हय म्हणावं. व्हय म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

"देवानं न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "माज्या मनात राग हुता. त्येनं सांगितलं. म्या नाव देवाचं घेतलं."

"मंग आता कशाला सांगतीस?"

"देवावर आळ ऱ्हाऊ नये म्हणून."

नागम्मानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तशीच म्हणाली, "पोरीच्या हाताचं काय करायचं ते बघ."

कोंडाबाई त्या घरी रोज जाऊ लागली. कोमट तेल लावून बोटं, मनगट, कोपर हलक्या हातानं चोळायची. मुलीचं नाव शिवम्मा ठेवलं. वर्षभरात बोटं वळू लागली, कोपर दुमडू लागलं. खांद्याच्या वर मात्र हात गेला नाही. त्या दिवसाबद्दल दोघी एकमेकींशी पुन्हा बोलल्या नाहीत.

वस्तीत मात्र तिनं लगेचच्या रविवारी उभं राहून सगळं सांगितलं होतं. लोकांना ते ऐकवेना. दोघीतिघी तर पुढच्याच आठवड्यात पुन्हा विचारायला आल्या. ती त्यांना धोंडीबाकडं पाठवायची. स्वतःची गत अशी झाली की उंबऱ्यावर बसून डोळे मिटायची तिला भीती वाटे. छातीत गार वाटलं की ती दचकायची. बोलावणं आलं की ती आधी निघायची आणि चालता चालता देवाशी बोलायची. अडवायचं असेल तर तो वाटेत अडवील, असं म्हणायची. त्यानं कधी अडवलं नाही.

पुढं काही वर्षांनी रझाकारांच्या धुमाळीत शिवलिंगप्पांचं घर सोलापूरकडं निघून गेलं. कुलूप लागलेल्या त्या दारावरून जाताना कोंडाबाईला पहिल्यांदा सुटल्यासारखं झालं. ती माणसं तिकडंच राहिली तर बरं, असं मनात येऊन गेलं. ते घडोघडी आठवून ती तोंड लपवायची.

पोलीस ॲक्शननंतर गाड्या परत आल्या. गाडीतून आधी नागम्मा उतरली, मग शिवम्मा. पोर वाढली होती, चारचौघींत उठून दिसत होती. तिनं कोंडाबाईला ओळखलं आणि चांगला हात हलवत हाक मारली, "कोंडाआज्जी."

कोंडाबाईनं हाकेला ओ दिली, पण तिची मान वर झाली नाही. ती गाडीजवळ गेली आणि नागम्माच्या हातातलं बोचकं घ्यायला हात पुढं केला. नागम्मानं तिच्याकडं बघितलं आणि बोचकं तिच्या हातात दिलं.