लॉन्ड्रीच्या ठरावावर वहिनीनं हात वर केला

विभागीय परिषदेतल्या आमच्या पक्षाच्या गटाचा इतिहास छापायचं ठरलं आहे. त्यात वहिनीवर मी लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दवाखान्याच्या लॉन्ड्रीत ती होती तेव्हा मी तिथल्या बॉयलरवर होतो आणि घराला घर लागून होतं. चांगलं लिहा म्हणाले. घडलं तसं लिहितो.

वहिनी हे तिचं नाव नव्हे. तिची नणंद लॉन्ड्रीत आधीपासून होती, धुलाईच्या यंत्रांवर. ही लग्न होऊन घरात आली आणि नणंदेनंच खटपट करून तिला कामाला लावलं. नणंद वहिनी म्हणायची म्हणून सगळं खातं वहिनी म्हणू लागलं. पुढे परिषदेचे अध्यक्षसुद्धा एकदा भर सभेत "वहिनी, खाली बसा" म्हणून गेले आणि सभागृह हसलं.

तिचं काम इस्त्रीच्या यंत्राच्या गरम रुळांवर. ओली चादर दोन्ही रुळांमध्ये सरळ घालायची. जरा तिरकी गेली की सुरकुती पडते आणि चादर परत पाण्यात जाते. ओल्या चादरींची टोपली ज्यानं उचललेली नाही त्यानं या कामाविषयी बोलू नये. तिचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरले होते. पण तिची चादर परत जात नसे.

आमचा गट लहान. थोडं सरकून बसलं तर एका बाकावर मावेल एवढा. शाळेतले मास्तर गटनेते होते. बस चालवणारा एक होता, त्याला आम्ही बसवालाच म्हणायचो. वहिनी लॉन्ड्रीतल्या बायकांच्या जोरावर निवडून आली. प्रचाराला नणंद तिच्यापेक्षा जास्त फिरली. चपला झिजल्या तिच्या.

पहिल्या वर्षी गटात ज्याला जसं वाटेल तसा तो मत देई. त्यामुळे आम्हाला कोणी विचारत नव्हतं. तेव्हा वहिनीनं एक नियम सुचवला. गटाच्या खोलीत दार लावून हवं तेवढं भांडायचं, मग मत घ्यायचं, आणि जे ठरेल त्यावर सभागृहात सगळ्यांनी एकसारखा हात वर करायचा. नियम झाला. बसवाल्यानं तो बसभाड्याच्या ठरावावर मोडला. त्याला गटातून काढायचा प्रस्ताव वहिनीनंच मांडला.

तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, "वहिनी, माझ्या डेपोतली माणसं वर गॅलरीत बसली होती हो."

"वर कोण बसलंय ते बघून हात हलवायचे असतील तर सर्कशीत जा," ती म्हणाली.

सगळे हसले. त्याला काढलं. त्यानंतर गटाला वजन आलं हे खरं. मोठ्या गटाला आमच्या मतांची गरज पडू लागली आणि बदल्यात आरोग्याची समिती मास्तरांकडे आली.

मग लॉन्ड्रीचा ठराव आला. लॉन्ड्री बंद करून कपडे ठेकेदाराकडे द्यायचे. मोठ्या गटानं सांगितलं, तुम्ही विरोधात गेलात तर आरोग्य समिती परत करा. मास्तरांचं म्हणणं असं की समिती गेली तर दूरच्या वस्त्यांमध्ये जे छोटे दवाखाने चालू केलेत ते पहिल्यांदा बंद होतील. हे खोटं नव्हतं. खोलीत दार लावून भांडण झालं. वहिनी इतकी ओरडली की तिचा आवाज बसला. मत घेतलं आणि ती एका मतानं हरली.

पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं. सगळे उठून गेल्यावर ते तिला म्हणाले, "त्या दिवशी येऊ नका. तब्येत बरी नाही म्हणून कळवा. तुम्ही नसलात तरी ठराव होतोच आहे. कोणी एक अक्षर बोलणार नाही."

ती म्हणाली, "माझी तब्येत ठणठणीत आहे."

सभेच्या दिवशी लॉन्ड्रीतल्या बायका गॅलरीत होत्या. मीही होतो. नणंद पहिल्या रांगेत, कठड्यावर हात टेकून. तिला खात्री होती. शेजारणीला म्हणत होती, "बघ आता, आमची वहिनी उठली की यांची पाचावर धारण बसते." वहिनी उठली नाही. अध्यक्षांनी बाजूनं कोण विचारलं तेव्हा तिनं हात वर केला. अर्धवट नाही, सरळ. बाही खाली घसरली आणि डाग दिसले. नणंद कठडा सोडून जिन्याकडे गेली.

खाली बाकावर मास्तर वहिनीला काहीतरी म्हणाले. दुसऱ्या गटाचा एक जण मागून वाकून म्हणाला, "मानलं तुम्हाला." वहिनी हसली. मी ते वरून पाहिलं.

लॉन्ड्री बंद झाली. शेवटचा बॉयलर मीच थंड केला. तेही काम घाईनं करून चालत नाही, नळ्या तडकतात. ठेकेदारानं चार तरुण पोरी घेतल्या. नणंदेच्या वयाची एकही घेतली नाही. नणंद ट्रंक उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे राहायला गेली.

वहिनी तिला आणायला गेली तेव्हा मला सोबत नेलं. ट्रंक उचलायला, म्हणाली. नणंद पायरीवर मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "या मेंबरबाई. आज सभा नाही वाटतं?"

"घरी चल. तुझे दादा जेवत नाहीत नीट."

"दादांना माझा नमस्कार सांगा."

"मी खोलीत भांडले होते गं. विचार मास्तरांना. एका मतानं गेलं."

"ते ऐकलंय. मास्तर येऊन गेले. आजारी पडा म्हणून त्यांनी तुला सांगितलं होतं, तेही सांगून गेले." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "का नाही पडलीस? ठराव तर होणारच होता. तू नसतीस तर निदान मला वरून ते बघावं लागलं नसतं."

वहिनी पायरीवरची टरफलं गोळा करू लागली. सभागृहात शब्दाला शब्द देणारी बाई. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, स्वतःच्या पोटावर पाय आला तरी नियम पाळला, असं लोक म्हणतील. बाई पक्की आहे म्हणतील."

"तुझ्या पोटावर कुठे आला? तू तर मेंबर. पाय आला तो माझ्या." नणंदेनं मटाराची शेंग मोडली. "मग? म्हणाले का?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "म्हणाले."

मला तिथे उभं राहवेना. रिकाम्या हातानं उभं राहायची सवय नाही मला. मी रस्त्यावर जाऊन थांबलो. थोड्या वेळानं वहिनी एकटीच आली. वाटेत कोणी ओळखीचं समोरून आलं की ती रस्ता ओलांडून पलीकडे जाई. मीही मग तिच्यामागून रस्ता ओलांडत होतो.

मुदत संपेपर्यंत ती परिषदेत गेली. पुढच्या वेळी उमेदवारी देऊ केली ती घेतली नाही. नियम रद्द करा असं तिनं एकदा गटाच्या खोलीत मांडलं. मास्तर म्हणाले, "वहिनी, नियम तुमचाच आहे, आणि चांगला आहे." मत घेतलं. ती हरली. बसवाल्याच्या घरीही ती जाऊन आली म्हणतात. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही.

पुढे तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा नणंद परत आली. भावासाठी आली, तसं तिनं उंबऱ्यातच सांगितलं. दोघींनी मिळून त्याचं सगळं केलं, आणि कामात कसर ठेवली नाही, ते मी पाहिलं आहे. बोलणं औषधापुरतं. सकाळी वहिनी दोन कप चहा करायची, एक नणंदेपुढे ठेवायची. नणंद चहा प्यायची, उठायची आणि कप स्वतः धुऊन ठेवायची. वहिनीला तिनं तो कधी धुऊ दिला नाही.