देवीच्या डोहातली बोटुकली

पुण्याहून जीप निघाली तेव्हा माझ्या पायांशी पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे होते आणि त्यांत खडस माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले). पुढे दिल्लीचे साहेब, मागे मुंबईचे साहेब आणि दुभाषी म्हणून मी, नागपूरची मास्तरीण. नद्यांतून संपत चाललेला हा मासा पुन्हा वाढावा म्हणून निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा. अट एकच, पिल्ले सोडायची ती जागा राखलेली हवी. दिल्लीच्या साहेबांची खात्री पटली नाही तर योजना दुसऱ्या राज्यात जाणार होती.

पिरंगुटला चहा घेताना त्यांनी विचारलं, "पहारेकरी नेमलाय ना?"

"पद मंजूर व्हायचंय," मुंबईचे साहेब म्हणाले आणि एकदम खारी बुडवण्यात गुंग झाले.

पौड मागे पडलं आणि मुळशीचं धरण दिसलं. बाप्पा, काय ते पाणी! आमच्या नागपुरी डोळ्यांना ती चैनच. पण पुढे एका ओढ्यात जीप रुतली ती रुतलीच. ऊन चढलं, डबे तापले, पिल्ले वर येऊन तोंड वासू लागली. माझा तर जीव टांगणीला लागला. तेवढ्यात शेतातल्या बायका धावत आल्या आणि त्यांनी डबे डोक्यावर घेतले.

"बाई, तुमी नुसतं चाला. आमचं रोजचंच हाय."

नुसतं चालतानाही मला धाप लागली.

जांभळीच्या सावलीत डोह होता, काठावर देवीचं छोटं देऊळ. पूजा करणाऱ्या सोनाबाई समोर आल्या. "वहाणा काढा, सायेब." दिल्लीच्या साहेबांनी निमूट बूट काढून देवळाच्या पायरीवर ठेवले. पिल्लांना एकदम गारठा लागू नये म्हणून डबे आधी काठच्या पाण्यात टेकवले. सोनाबाईंनी मूठभर चुरमुरे टाकले, तर हातभर लांबीचे खडस वर उसळले!

"ह्ये देवीचे. आमी खालच्या वळणाला मासे धरतो, हितं न्हाई. माज्या आजेसासूपासनं असंच हाय."

दिल्लीचे साहेब हरखले. माप घेण्यासाठी एखादा मासा पकडावा म्हणून त्यांनी पिशवीतून जाळं काढलं. सोनाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"जाळं न्हाई पडायचं हितं."

मुंबईच्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो मावशी, एकदाच! पैसा देणारेत ते."

"मग नगं पैसा. तुमची पिल्लंबी न्या माघारी. आज सायबाचं जाळं पडलं, तर उंद्या माज्या पोराला कुटल्या तोंडानं अडवू?"

"जरा गोड करून सांगा हं," मुंबईचे साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. मी कशाला गोड करू? बाई बोलल्या तसं शब्दन्‌शब्द हिंदीत सांगितलं. अभिमानाने माझा आवाज चढला होता हे कबूल करते.

दिल्लीचे साहेब लालबुंद झाले. सोनाबाईंच्या मागे डबे आणणाऱ्या सगळ्या बाया पदर खोचून उभ्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सावकाश जाळं गुंडाळलं.

"सकाळपासून पहारेकरी कुठाय विचारतोय," ते हसत म्हणाले. "पैसे मिळतील. सोडा पिल्लं."

बोटुकली डोहात शिरली. मग देवळाच्या ओसरीत नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं असं काही चवीचं झालं म्हणता!

आमचं जेवण होईतो गावकऱ्यांनी जीप ओढून देवळापाशी आणली. परतताना पिरंगुटला चहासाठी उतरलो तर दिल्लीचे साहेब अनवाणी! जीप वळवायची का विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. पिल्लं मोठी झाली की बूट न्यायला येईन."

नागपुरात सगळे विचारतात, काय पाहिलंस? दिल्ली आणि मुंबई एका कामाला एकत्र पैसा घालतात, हे काय थोडं झालं? त्याचा अभिमान आहेच. पण मी आधी सोनाबाईंचं सांगते. परवाच मुंबईच्या साहेबांचा निरोप आला, खडस वाढताहेत. आणि बूट अजून पायरीवरच आहेत, कोणी हात लावलेला नाही.